आठ नंबरचा ठोका

…आणि मला वाटलं होतं, दार ढकललं की ते करकरेल! एवढीच माझी अपेक्षा, फार नाही. सात नंबरचं दार, खालची फळी पावसाने फुगलेली, गुडघा लावल्याशिवाय हलायचं नाही आणि उघडताना असं किंचाळायचं की सगळ्या आवाराला कळावं, मार्सेलाची पोर शाळेतून आली. पंधरा वर्षं परदेशात मी ते किंचाळणं कानात जपून ठेवलं होतं. आणि प्रत्यक्षात काय? दारावर एक पांढरं कार्ड टेकवायचं, दार म्हणतं 'टुंग', आणि आपोआप उघडतं! मी सवयीने गुडघा लावला होता ना, मग काय, तशीच आत. बॅगेसकट, तोंडावर! आणि समोर तो योरिस, हॉटेलचा व्यवस्थापक, दाढी तेल लावून विंचरलेली, दोन्ही हात पोटापाशी धरलेले, चर्चमध्ये बोलतात तशा आवाजात म्हणतो, "स्वागत आहे, इमके. दार मूळचंच आहे बरं का. आम्ही सगळं जपलंय."

सगळं जपलंय हो, सगळं!

आता तुम्ही म्हणाल, बाई, दारात पडलीस तर ऊठ, कपडे झटक, एवढं गाऱ्हाणं कशाला? सांगते ना! तुम्हाला सांगणार नाही तर कुणाला सांगू, योरिसला? तो लगेच लिहून घेतो.

तर गेंट शहरात आमची कापडगिरणी, आणि गिरणीच्या पाठीला टेकून एका ओळीत बारा घरं. बैठी, इवलीशी, दातांसारखी एकमेकांना चिकटलेली. मूळ मालकाने कामगारांसाठी बांधली तेव्हा भिंतीत विटा इतक्या बेताने घातल्या, की सहा नंबरमध्ये शिंकलं तर सात नंबरमधून 'तब्येत सांभाळ गं' ऐकू यायचं. समोर दगडी बोळ, बोळात एक पंप, टोकाला दोन संडास. बारा घरांत मिळून दोन! माझी आई नर्स, तिच्या कामाच्या सततच्या पाळ्या, म्हणून मला वाढवलं मार्सेला मावशीने, सात नंबरमध्ये. मी अकरा वर्षांची असताना आईला न्यूझीलंडमध्ये नोकरी लागली आणि तिने मला उचलून पार पृथ्वीच्या तळाशी नेलं. मी तिथे शिकले. काय शिकले? जुन्या इमारती कशा वाचवायच्या! ज्या देशात शंभर वर्षांच्या घराला आदराने पणजोबा म्हणतात, तिथे जाऊन मी जुनी घरं वाचवायला शिकले! असू दे.

आणि शिकत असताना कळलं, की आमची बारा घरं पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा करणार आहेत. झालं! मी पेटलेच. जागेच्या मालकांना पत्रं, वर्तमानपत्रांना पत्रं, ज्याला म्हणून पत्ता होता त्याला पत्र. 'या विटा नाहीत, ही आमची स्मृती आहे!' असं लिहायचे मी, वयाच्या विसाव्या वर्षी, उद्गारचिन्हासकट. एकेचाळीस पत्रं! आणि काय सांगू, वाचली हो घरं! मालकांनी जाहीर केलं, पाडणार नाही, जतन करणार. मी वसतिगृहात टेबलावर चढून नाचले. टेबल मोडलं. मला वाटलं, इतिहास घडवला की असं थोडंफार मोडायचंच.

राहणाऱ्यांना तात्पुरतं हलवलं, कुणाला कुठल्या इमारतीत, कुणाला कुठल्या. दुरुस्तीपुरतं. दोन वर्षं. मावशीला मी फोनवर म्हटलं, "दोन वर्षं कळ काढ, मी आले की तुला हाताला धरून घरी नेते." ती म्हणाली, "बरं." मावशी फार बोलत नाही. दोन वर्षांची चार झाली, चाराची सहा झाली, आणि परवा मी कायमची परत आले, छातीत नुसती मशाल पेटलेली! विमानतळावर उतरते तोच मालकांच्या कचेरीतून निमंत्रण. हॉटेल उघडतंय. ज्या मुलीच्या पत्रांनी आवार वाचलं, तिने पहिल्या दिवशी आमची पाहुणी म्हणून राहावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता स्वतःच्या नावाच्या पितळी पाटीवरचा पडदा ओढावा.

पितळी पाटी! माझं नाव! आणि मी, मूर्ख, आधी खूश झाले. हॉटेल हा शब्द मला तेव्हा दिसलाच नाही. पाटी दिसली.

बरं, खोली मागितली तर सात नंबरच दिली. पण आता तिला सात म्हणत नाहीत, 'विणकरीण' म्हणतात. सहा म्हणजे 'सूतकताई', आठ म्हणजे 'रंगारी'. आठमध्ये ओडिल काका राहायचे, त्यांनी उभ्या आयुष्यात रंगाचा डबा उघडला नाही, ते ट्राम चालवायचे.

मावशीला मी हट्टाने बोलावलं. ती चार वाजता आली, ट्रामने, डाव्या मनगटाला पट्टी, उजव्या हातात पिशवी, पिशवीत स्वतःची कॉफी थर्मासात. "त्यांची कशी असेल सांगता येत नाही." पट्टीचं विचारलं तर म्हणाली, "लोणच्याची बाटली उघडताना." योरिस धावत आला. "मॅडम! आपण इथे त्रेचाळीस वर्षं राहिलात! केवढा सन्मान!" मावशीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. आमच्याकडे पहिला प्रश्न एकच असतो.

"कुणाचा रे तू?"

"मी योरिस, मॅडम, इथला व्यवस्था—"

"ते कळलं. कुणाचा?"

"मी… मूळ ब्रुसेल्सचा."

"असू दे, असू दे," मावशी म्हणाली. जणू बिचाऱ्याला खरूज झाली होती.

मग तो आम्हाला आमचंच घर दाखवायला लागला! "हा मूळ खांब. ही मूळ लाकडी फरशी. आम्ही जागेवर काही लादत नाही, आम्ही जागेचं ऐकतो." मावशीने विचारलं, "मग काय म्हणते जागा?" तर तो डोळे मिटून म्हणाला, "जागा म्हणते, हळू चाला." मावशी म्हणाली, "ते बरोबर आहे, तिथे फळी सडकी होती."

कोळसा ठेवायचा कोनाडा होता ना, तिथे आता आंघोळीचा टब. बैठकीच्या खोलीत! पडदा नाही, आडोसा नाही. वर एक मेणबत्ती, तिचं नाव 'कोळशाची संध्याकाळ'. मी हुंगली. खरंच तसाच वास! मावशीने हुंगली आणि लगेच खिडकी उघडली. "या वासाने ओडिलला दमा झाला," म्हणाली, "आणि हे लोक तो मेणात भरतात होय?"

आणि मग मावशी दिसेना. मी शोधते तर ती न्हाणीघरात. एकटी उभी. संडासाकडे बघत. पांढराशुभ्र, भिंतीला अधांतरी लटकवलेला, बसायला गरम. तिने हात लावून पाहिला.

"प्रत्येक घरात आहे का गं असा?"

"प्रत्येक खोलीत, मावशी."

"चाळीस वर्षं आम्ही अर्ज केले. ओडिल तर दर नाताळला एक करायचा. मालकांचं उत्तर ठरलेलं, या भिंती जुन्या आहेत, यांत पाइप घालता येत नाही." तिने झाकण हळूच खाली केलं, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार लोटतात तसं. "घालता आला की. आमचीच अडचण होत होती."

तुम्ही हसताय. मीही हसले असते. पण तिने हे चिडून म्हटलं नाही हो, तिने ते मालकांची बाजू समजून घेतल्यासारखं म्हटलं. ते मला जास्त लागलं.

पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे. आठ नंबरच्या बाजूची भिंत. सगळ्या भिंती गुळगुळीत, मऊ, पांढऱ्या, आत म्हणे लोकर भरलीय, आवाज इकडचा तिकडे जायला नको, पाहुण्यांना शांतता लागते. पण त्या भिंतीवर मधोमध, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एक काचेची चौकट. वर दिवा. चौकटीत उघडी वीट आणि विटेत खड्डा. मुठीएवढा. शेजारी शेगडीची सळई, भिंतीला स्क्रूने पक्की बसवलेली. खाली पितळी अक्षरांत, 'अज्ञात कामगाराच्या जीवनाच्या खुणा. विसाव्या शतकाचा पूर्वार्ध.'

मावशी चष्मा वर करून वाचत राहिली. मग योरिसकडे वळली.

"अज्ञात?"

"हो मॅडम. आमच्या अभ्यासकांच्या मते कदाचित काही प्रथा, काही विधी—"

"अरे मेल्या, हा खड्डा मी पाडलाय! त्र्याऐंशी साली. ओडिलला ऐकायला कमी यायला लागलं तेव्हा. मी काय तुला पूर्वार्धातली वाटते?"

आता हा ठोक्याचा प्रकार तुम्हाला सांगायला हवा. रोज सकाळी सात वाजता एक नंबरवाल्याने शेगडीची सळई घ्यायची आणि दोन नंबरच्या भिंतीवर दोन ठोके मारायचे. दोन ठोके म्हणजे 'आहेस का?' दोन नंबरने उलट एक ठोका द्यायचा. एक ठोका म्हणजे 'आहे अजून.' मग दोनने तीनला विचारायचं, तीनने चारला, असं बारापर्यंत. गिरणीचा भोंगा बंद झाला, गिरणी बंद झाली, पण सातचा ठोका थांबला नाही. आणि उलट ठोका आला नाही तर? तर ज्याने विचारलं त्याने असेल तसं उठायचं, शेजारच्याच्या दारावर जायचं, दार उघडलं नाही तर खिडकीखालची किल्ली घ्यायची आणि आत शिरायचं. त्यात लाज नाही, परवानगी नाही. याच नियमाने तीन नंबरची आजारी यूलमा वाचली. याच नियमाने एकदा चार नंबरचे नवरा-बायको नको त्या वेळी सापडले, तेही एक असो. तुमच्याकडे म्हणतात ना, काळजाचा ठोका? तसा आमचा भिंतीचा. तो चुकला की बारा घरं दाराबाहेर.

हे सगळं ऐकून योरिसच्या डोळ्यांत पाणी! "मॅडम, हे आपण माझ्या फोनमध्ये पुन्हा एकदा बोलाल का?" मावशी म्हणाली, "नाही." तो कॉफी आणायला गेला. दोघीच उरलो. मी आवेशात! मी म्हटलं, "मावशी, हे असं सोडायचं नाही. तुम्हाला परत आणायचं वचन होतं त्यांचं. मी पत्र लिहिते. उद्याच लिहिते!"

"पुरे गं आता पत्रं."

"पुरे कसं? तुझं घर आहे हे!"

मावशी काचेतल्या खड्ड्याकडे बघत होती. मग म्हणाली, तेही हवापाण्याचं बोलावं तसं, "फेब्रुवारीत मी पडले स्वयंपाकघरात. बाटली वगैरे काही नाही, फरशी ओली होती. सकाळी सहाची गोष्ट. हात अंगाखाली मोडला. उठता येईना. फोन बाहेर टेबलावर. म्हटलं, घाबरायचं काय, एका तासात सात वाजतील. चप्पल काढली आणि भिंतीवर दोन ठोके मारले."

"मग?"

"मग काय. ती सिमेंटची भिंत. सहावा मजला. चपलीचा आवाज माझा मलाच येईना. तरी मारत राहिले, शहाण्यासारखी. दुपारी बाराला पोस्टमन वर आला." आणि हसली. "हात नीट बसला नाही, तिरका बसलाय. लोणच्याची बाटली त्यामुळेच उघडत नाही, म्हणजे तशी मी खोटं नाही बोलले."

सहा तास हो! आणि त्या फेब्रुवारीत मी कुठे होते? वेलिंग्टनमध्ये, एका लाकडी गोदामाच्या छपरावर, गोदाम वाचवत होते. माझी पत्रं, माझी स्मृती, माझी उद्गारचिन्हं! विटा वाचवल्या मी. ओडिल काका दुसऱ्याच हिवाळ्यात गेले, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या दिवशी कळलं. यूलमा मुलीकडे अँटवर्पला. बारा माणसं बारा दिशांना आणि खड्डा मात्र काचेत, वर दिवा! ऑपरेशन यशस्वी, पेशंट दगावला, म्हणतात ते हेच.

पण सगळं जपलंय हो, सगळं!

मावशी सहाच्या ट्रामने गेली. राहा म्हटलं तर म्हणाली, "पलंग फार मऊ आहे, माणूस सापडायचा नाही." जेवायला मला 'कामगाराची थाळी' दिली. काळ्या पाटीवर पाव, पावाला डुकराची चरबी, बाजूला एक मुळा. एकच. कोरून फूल केलेलं. आमच्या घरी चरबी लावायचे कारण लोणी परवडायचं नाही, आणि मुळ्याचं फूल करायला वेळ कुणाला होता? मी ते खाल्लं आणि झोपले. झोपले म्हणजे काय, पडून राहिले. इतकी शांतता, इतकी शांतता, की आपण लोकरीत गुंडाळून कपाटात ठेवलेली चांदीची किटली आहोत असं वाटायला लागलं.

आणि सकाळी डोळे आपोआप उघडले. घड्याळ बघितलं नाही, बघायची गरजच नव्हती. खिडकीत तो करडा उजेड, आणि हात उशाशी सळई शोधतोय! पंधरा वर्षांनी! सळई तर स्क्रूने बसवलेली. मग मी काय घेतलं असेल? दाराला अडकवायचा तो लाकडी ठोकळा असतो ना, 'कृपया शांतता राखा' लिहिलेला? तो घेतला. काच सरकवली, आणि खड्ड्यात, बरोबर मधोमध, ठक, ठक.

आणि गेला हो आवाज! खरंच गेला. मला जाणवलं, कारण सगळ्या भिंतीत लोकर भरली, पण खड्डा ऐतिहासिक ना! तेवढी एक वीट त्यांनी उघडी ठेवली होती, दोन्ही बाजूंनी. जपली होती.

मी कान लावून थांबले. उत्तर नाही.

पुन्हा ठक, ठक. उत्तर नाही.

आता मला सांगा, मी सव्वीस वर्षांची शिकलेली बाई. मला माहीत नाही का, पलीकडे हॉटेलचा कुणी पाहुणा झोपलाय? माहीत आहे! डोक्याला माहीत आहे. पण पायांना कुणी सांगावं? आठ नंबरचा ठोका चुकला! ओडिल काकाच डोळ्यांपुढे, आणि मावशी फरशीवर, हातात चप्पल, आणि मी निघाले. अनवाणी, झोपण्याच्या शर्टात, बोळातल्या थंड दगडांवरून, हातात तो शांततेचा ठोकळा, आणि 'रंगारी'च्या दारावर धडाधडा! "उघडा! आहात का? अहो, आहात का?" खिडकीखाली हात घातला किल्लीसाठी, तर तिथे फुलांची कुंडी, ती आडवी!

आतून धडपड. दार म्हणालं 'टुंग'. आणि समोर एक हॉलंडचा माणूस! हॉलंडचे किती उंच असतात तुम्हाला माहीत आहे, आणि आमचं दार कामगारांच्या मापाचं. टॉवेल गुंडाळून तो घाईने बाहेर आला आणि कपाळ थेट चौकटीवर. धाड!

"उत्तर का दिलं नाही?" मी ओरडले.

"कशाचं उत्तर?"

"तुम्ही जिवंत आहात का?"

"आहे!" कपाळ धरून तो ओरडला. "आहे ना अजून! अजून आहे! पण का?"

आहे अजून. हेच शब्द हो! अगदी हेच! आणि मी तिथे बोळात, कुंडीच्या मातीत उभी राहून जी रडायला लागले, की तो बिचारा स्वतःचं टेंगूळ विसरला. त्याने मला पायरीवर बसवलं, हातपुसणं दिलं, मी हुंदके देत देत सगळा प्रकार सांगितला, दोन ठोके, एक ठोका, बारा घरं. तो टॉवेलमध्ये ऐकत उभा. थंडीत. मग म्हणाला, "म्हणजे आता मी नऊ नंबरला विचारायला हवं?"

बघा, परका माणूस, पण नियम कळला त्याला!

आत गेला. मीही दारातून पाहतेय. नऊच्या भिंतीवर त्याने मुठीने दोन ठोके मारले. फुस, फुस. गादीवर मारल्यासारखे. त्या भिंतीत खड्डाच नव्हता ना, ओडिल काका हलक्या हाताने ठोकायचे, म्हणून तिथे लोकर पूर्ण. त्याने जोरात मारले. फुस. माझ्याकडे वळून बघितलं. "जात नाही," म्हणाला. नाहीच जाणार. आठपर्यंत आला होता ठोका. तिथे संपला.

तेवढ्यात योरिस आला, शर्ट उलटा, दाढी न विंचरलेली, प्रथमच माणसासारखा दिसत होता. मला वाटलं, आता रागावणार. रागावला असता तर बरं झालं असतं! त्याने सगळं ऐकलं, आणि चेहरा असा उजळत गेला, असा उजळत गेला… "इमके! रोज सकाळी सात वाजता! प्रत्येक पाहुण्याला, भिंतीवर दोन ठोके! आम्ही इतर भिंतींनाही खड्डे पाडून घेऊ! तूच मारायचेस, तुझ्यासारखं कोण मारेल? नोकरी समज. कायमची!" आणि शेवटी आवाज खाली आणून, "अर्थात ज्यांना उत्तर द्यायचं नसेल, त्यांच्यावर सक्ती नाही."

ज्यांना उत्तर द्यायचं नसेल! मग कशाला विचारायचं रे बाबा?

मी म्हटलं, "पाटीवरून माझं नाव काढा. खड्ड्याखाली मार्सेलाचं लिहा." तो म्हणाला, "ते पाट्यांच्या लिखाणवाल्यांना विचारावं लागेल." मी म्हटलं, "विचारा. आणि पडदा तुम्हीच ओढा." बॅग उचलली आणि साडेसातची ट्राम धरली. उलट्या दिशेची. जी शहराच्या टोकाला जाते, जिथे रूळ वळसा घालून माघारी फिरतात आणि त्या वळणावर मावशीची इमारत उभी आहे.

काय ती इमारत! अकरा मजली, सिमेंटची, रंग पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा. वेलिंग्टनला शिकत असताना मी एका निबंधात लिहिलं होतं, 'अशा इमारती म्हणजे शहराच्या चेहऱ्यावरचे मस.' चांगले गुण मिळाले होते. खाली इमारतीची देखभाल करणारा रेमी, तोंडात सिगरेट, हातात पाना. मी विचारलं, "सहाव्या मजल्याच्या जवळ एखादं घर रिकामं आहे का?" तो हसायलाच लागला. "एखादं? पोरी, निम्मी इमारत रिकामी आहे. चार वर्षांत पाडणार आहेत हिला. कोण येतंय राहायला? हवं ते घे. पाचव्यावर, मार्सेलाच्या बरोबर खाली, ते घे. नळ गळतो, ते आधीच सांगतो."

वर गेले. रिकामी खोली, फुगलेला कागद भिंतीवर, भिंतीला टकटक केलं तर बोटं दुखली. मावशी म्हणाली तेच, दगड नुसता. मी खाली बसले. हरले म्हटलं. आणि बसले तिथे खिडकीखाली ती जाडजूड गरम पाण्याची नळी, खालून येऊन छतातून वर गेलेली. अकरा मजले एकच नळी!

कोटाच्या खिशात हात घातला तर तो ठोकळा. 'कृपया शांतता राखा.' चोरूनच आणला होता की मी, नकळत. ठण, ठण.

काही नाही.

मग वरून खुर्ची सरकल्याचा आवाज, मग पावलं, सावकाश, सावकाश… आणि ठण. एक.

आणि लगेच खालून कुठूनतरी, तिसऱ्या मजल्यावरून असेल, नळीभोवतीच्या फटीतून एक बाप्या खेकसला, "ए! कोण मेलंय?" आणि त्याच्याही खालून एक म्हातारा आवाज, "मी नाही!"

मी वर गेले तेव्हा मावशी दारातच उभी होती, हातात कढईचा झारा. मी म्हटलं, "मावशी, मी खालचं घर घेतेय. आजच." ती झारा पुसत राहिली, कोरडाच होता तो. मग म्हणाली, "नळ गळतो तिथला."

"माहीत आहे."

"ही पाडणार आहेत चार वर्षांत."

आणि बघा, माझं रक्तच तसं! ताठ झालेच मी. छातीतली ती मशाल, भक्कन! "पाडू कसे देईन? मावशी, मी आजच्या आज—"

मावशीने झारा माझ्या तोंडासमोर धरला.

"राहा बाई, खुशाल राहा," ती म्हणाली. "पण हिला वाचवू नकोस. मागच्या वेळी तू घर वाचवलंस, तर मी बेघर झाले."